दिवसभर सायकल चालवायची, तर पिशवीत काय हवं

सामान काढायला बसण्याआधी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही वाटेतल्या गावात मिळेल का? चहा, बिस्किटं, केळी, बंद बाटलीचं पाणी, सुतळी, तार, मोटारसायकलचं पंक्चर काढणारा माणूस हे विदर्भातल्या बहुतेक मोठ्या फाट्यांवर मिळतं. 700×28 ची, म्हणजे गिअरच्या सायकलीच्या 28 मिलिमीटर रुंद टायरची, ट्यूब मात्र तालुक्याच्या गावीही बहुधा मिळत नाही. पहिल्यांदा लांब जाणारे नेमकं उलटं करतात. पाठीवर चार लिटर पाणी आणि खाऊची दहा पाकिटं घेतात, ट्यूब एकही नसते.

पुढचा हिशेब 80 ते 120 किलोमीटरच्या एका दिवसाचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा आणि गिअरच्या किंवा हायब्रिड सायकलीचा आहे. साधी काळी सायकल असेल तर पिशवी निम्मी होते, कारण तिचं सगळं गावातच मिळतं.

ट्यूब, वॉल आणि हवा

गावातल्या सायकल दुकानात खिळ्याला टांगलेली ट्यूब बहुधा 28×1½ ची असते, म्हणजे उभ्या काळ्या सायकलीची. तिची रिम 635 मिलिमीटरची, तर 700 सीची, म्हणजे 700 ने सुरू होणाऱ्या मापांची, 622 ची. बोलताना दोन्हींना ‘अठ्ठावीस’ म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. टायर एकमेकांना बसत नाहीत. ट्यूब मात्र अडीअडचणीला चालते: 700×35 किंवा त्याहून रुंद टायरमध्ये 28×1½ ची ट्यूब थोडी दुमडून बसवली की घरी पोहोचता येतं. अट एवढीच, की रिमचं भोक जाड वॉलचं (ट्यूबमध्ये हवा भरायच्या नळीचं) असावं. साध्या रबरी नळीवाल्या वॉलला आणि मोटारसायकलसारख्या वॉलला साधारण 8 मिलिमीटरचं भोक लागतं. प्रेस्टा, म्हणजे लांब बारीक वॉल, साडेसहाच्या भोकात बसतो. प्रेस्टाच्या रिममध्ये गावातली कोणतीच ट्यूब जाणार नाही. तेव्हा प्रेस्टावाल्यांनी दोन ट्यूब घ्यायच्या, एकीवर भागत नाही. एमटीबीची, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाइकची, 26 इंची ट्यूब बऱ्याच ठिकाणी मिळते. 27.5 आणि 29 ची जिल्ह्याच्या गावाबाहेर मिळेल असं धरू नका.

प्रेस्टा असेल तर पितळेचं छोटं ॲडॅप्टरही ठेवा. ते लावलं की पंक्चरच्या कोणत्याही दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा भरता येते. नसेल तर समोर कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि आपण हातपंप मारत बसतो. कॉम्प्रेसर वापरताना नळी दाबून धरू नका. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावतेच किती! एकेका सेकंदाचे झटके द्या आणि मध्ये अंगठ्याने टायर दाबून बघा. दुकानदार सवयीने मोटारसायकलइतकी हवा भरून थांबेल, ती अरुंद टायरला फार कमी पडते. 65 ते 75 किलोच्या माणसासाठी 700×28 ला 70 ते 85 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), 700×35 ला 50 ते 60, एमटीबीच्या रुंद टायरला 30 ते 38, एवढं लक्षात असलं की पुरे. टायरच्या कडेवर छापलेली वरची मर्यादा ओलांडायची नाही.

सुट्या ट्यूब जुन्या मोज्यात घालून ठेवा. पान्यांसोबत मोकळ्या पडलेल्या ट्यूबला महिनाभर घासून घासून भोक पडतं, आणि ते कळतं थेट रस्त्यावर.

काटा सापडल्याशिवाय ट्यूब बदलू नका

इथली बहुतेक पंक्चरं खिळ्याने किंवा काचेने होत नाहीत, काट्याने होतात. शेताच्या कुपाटीतून बाभळीच्या, बोरीच्या फांद्या रस्त्यावर येतात. बैलगाडीतून काटे नेताना सांडतात. त्याहून वाईट सराटे. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेच्या गवतात ते वाळून पडलेले असतात. फोटो काढायला सायकल दोन पावलं खाली घेतली की टायरला दहा-बारा चिकटतात. थांबायचं असेल तर डांबरावरच कडेला थांबा. खाली उतरायचंच असेल तर सायकल उचलून न्या. परत रस्त्यावर आल्यावर पेडल मारण्याआधी दोन्ही टायर हातमोज्याने पुसा.

ट्यूब बदलताना सगळ्यांची चूक एकच असते: जुनी काढली, नवी घातली, हवा भरली आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसली. आतला काटा तसाच होता. आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा. वॉलपासून त्याचं अंतर मोजा आणि टायरच्या त्याच जागी बघा. मग आतून बोट न फिरवता कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं टोक बाहेर आलेलं असेल तिथे कापसाचे धागे अडकतात, आणि बोटही रक्ताळत नाही. कापूस घरून आणायला विसरलात तरी या मुलखात बाजूच्या वावरात मागून घ्यायला हरकत नाही. काटा बाहेरून ओढला की टोक आतच मोडतं. म्हणून चिमट्याने आतून काढा किंवा आतून ढकला.

पॅच लावताना घाई नडते. भोकाभोवती पॅचपेक्षा थोडा मोठा भाग पॉलिश पेपरने घासा, काळा चकचकीतपणा गेला पाहिजे. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. थंडीच्या सकाळी पाच मिनिटं, दुपारच्या उन्हात दोन-तीन. चमक जाऊन थर कोरडा दिसला की पॅच मधून कडेकडे दाबत लावायचा. ओल्या थरावर लावलेला पॅच सरकतो आणि हवा भरताच कडेने सुटतो. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, त्यामुळे न उघडलेली एक कायम सोबत हवी. सहा-आठ पॅच पुरतात. एकाच ट्यूबला सराट्याची चार-पाच भोकं असतील तर रस्त्यावर पॅच लावत बसू नका. नवी घाला, जुनी घरी बादलीत बुडवून बघा. पंक्चरवाल्याला पातळ ट्यूबवर गरम पॅच मात्र लावू देऊ नका, रबर आकसतं.

ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, भरून ठेवलं तर बारीक काटे परस्पर बुजतात. पण आपल्याकडच्या उन्हाने ते काही महिन्यांत सुकतं. वर्षापूर्वी भरलेल्या सीलंटवर भरवसा ठेवून निघू नका.

टायरच चिरला तर ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. त्यासाठी जुन्या टायरचा, कडेची तार काढून टाकलेला, 5×3 सेंटिमीटरचा तुकडा ठेवायचा आणि चिरेच्या आत, ट्यूब आणि टायरच्या मध्ये लावायचा. तो नसेल तर दुधाच्या जाड पिशवीची चौपदरी घडी चालते. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या रस्त्याच्या कडेला हव्या तेवढ्या सापडतील, पण त्या ताणल्या जातात, त्यांच्यावर विसंबू नका.

पाने-हत्यारं

प्लास्टिकचे टायर लिव्हर दोन, शक्यतो तीन. दुकानात मिळणाऱ्या लोखंडी पट्टीने ट्यूब चिमटते. फ्रेमला बसणारा छोटा पंप. हवेऐवजी भरायची गॅसची नळकांडी शहरातल्या स्पर्धेला ठीक. दिवसात तीन पंक्चर झाली तर ती संपतात, पंप संपत नाही. 4, 5, 6 नंबरच्या अ‍ॅलन की, लहान अ‍ॅलन की, चौफुली स्क्रू ड्रायव्हर आणि चेन तोडायचं हत्यार असलेला एक मल्टीटूल. डिस्क ब्रेक असेल तर त्यात टी-25 (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाची की) आहे ना, ते बघा. चाकाला नट असतील तर त्या नटाचा पाना घ्यायला विसरू नका. घरी एकदा लावून बघा, अंदाजाने घेतलेला पाना नटाची कड खातो.

चेनसाठी तुमच्या गिअरच्या संख्येची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी: आठला आठची, दहाला दहाची, एकीकडची दुसरीकडे बसत नाही. मागच्या डीरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी, हाही आपल्याच मॉडेलचा लागतो. पन्नास ग्रॅमचीही ही वस्तू नाही, पण तुटली आणि दुसरी नसली तर सायकल टेम्पोत टाकावी लागते. बाकी चार-पाच झिप टाय, पंपावरच गुंडाळलेली मीटरभर इन्सुलेशन टेप, 15 मिलिलिटर चेनचं तेल आणि एक फडकं. पाणी सोडून हे सगळं मिळून किलो-सव्वा किलोच्या आत बसायला हवं. जास्त भरलं तर काहीतरी दोनदा घेतलेलं आहे.

काळी माती

पांदण रस्त्यावर जायचा विचार असेल तर आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, ते आधी विचारा. काळी माती ओली असली की पन्नास पावलांत टायर आणि फोर्कच्या मध्ये भरते आणि चाक जाम होतं. मडगार्ड असेल तर आणखी लवकर. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं की मागचा डीरेलर ओढला जाऊन स्पोकमध्ये जातो, हँगर तुटतो आणि एखादेवेळी फ्रेमही वाकते. चाक अडलं की लगेच उतरायचं. एक चपटी काडी आणि जुना दात घासायचा ब्रश सोबत असेल तर आधी ब्रेकजवळची, मग डीरेलरच्या छोट्या चाकांमधली माती काढता येते. पाणी ओतून धुवायला जाऊ नका, बाटलीभर पाण्याने ती माती आणखी चिकट होते. सायकल खांद्यावर घ्या आणि धुऱ्याच्या गवतावरून डांबरापर्यंत चालत या. तासभर ऊन लागलं की उरलेली ढेकळं हाताने सुटतात.

ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांत पुढे धान, यांच्यावरून ब्रेक मारू नका, चाक घसरतं. सोयाबीनचं कुटार चेनमध्ये गुंडाळलं गेलं तर उलटं पेडल फिरवून सोडवा. चाकू लावू नका.

पाणी

थंडीत तासाला साधारण अर्धा लिटर, दुपारी किंवा चढावर पाऊण ते एक लिटर. सहा-सात तासांच्या फेरीला चार ते पाच लिटर लागतं, पण ते सगळं वाहायचं नाही. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या फ्रेमवर असल्या आणि दर 25-30 किलोमीटरवर भरल्या की पुरतं. तिसरी बाटली फक्त लांब सुन्या टप्प्याला: परतवाड्याहून सेमाडोह-धारणीकडे निघालात तर घटांगसारखी मोजकी ठिकाणं सोडली तर बराच वेळ जंगलच आहे.

कुठलं पाणी भरायचं, हा प्रश्न वऱ्हाडात वेगळा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूला हातपंपाचं पाणी खारट लागतं आणि पिऊन तहान वाढते. तिथे नळाचं पाणी कुठलं ते विचारून घ्या, नाहीतर थंड पाण्याच्या जारवाल्याकडून बाटली भरून घ्या. हातपंपाचं पाणी दुपट्टा भिजवायला आणि डोक्यावर ओतायला मात्र चांगलं.

नुसतं पाणीच पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही. ओआरएसची दोन-तीन पाकिटं घ्या आणि कितीला टाकायचं ते पाकिटावर वाचा: एक लिटरचं पाकीट साधारण 21 ग्रॅमचं असतं, 200 मिलिलिटरचं लहानही मिळतं. लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत टाकलं तर पोट बिघडतं. ओआरएसशेजारी ठेवलेले गोड पेयांचे डबे म्हणजे ओआरएस नव्हे. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. त्यापेक्षा जास्त मीठ नको. एका बाटलीत हे आणि दुसरीत साधं पाणी ठेवा, म्हणजे जखम धुवायला साखरेचं पाणी वापरावं लागत नाही.

खाणं

दर तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्टमय किंवा साखरेचा पदार्थ पोटात गेला पाहिजे. एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम मिळतात, 25 ग्रॅम गुळात जवळजवळ तेवढेच. एक चिक्की, मूठभर गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, चार-पाच खजूर, यातलं काही घ्या. चॉकलेट दुपारी वितळून पाकिटाला चिकटतं. संत्र्याने तोंड ताजं होतं, पोट भरत नाही.

किती घ्यायचं हे दुकानांच्या वेळेवरून ठरवा. पहाटे साडेपाचला निघालात तर आठपर्यंत गावांत चहाखेरीज फारसं काही उघडं नसतं, तेव्हा पहिल्या अडीच तासांचं खाणं घरूनच हवं. आठनंतर पोहे, आलूबोंडा, चहा सगळीकडे. सकाळी पोहे खुशाल घ्या, तर्री परत आल्यावर. तिखट तेलकट खाऊन दुपारच्या उन्हात चढ चढायला लागलं की आंबट ढेकरा सुरू होतात आणि पाणीही नकोसं होतं. भूक लागायची वाट बघू नका. दर 40-45 मिनिटांनी थोडं खायचं, भूक लागल्यावर खाल्लेलं अंगी लागेपर्यंत पुढचे दहा किलोमीटर जातात.

अंगावर

डिसेंबर-जानेवारीत पहाटे 8 ते 12 अंश आणि दुपारी 28 ते 30. एकाच दिवसात दोन ऋतू. जाड स्वेटर घेतला तर दिवसभर वाहावा लागतो. पातळ विंडचीटर घ्या, निघताना छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि नऊच्या सुमारास ती चहाच्या टपरीवर देऊन टाका. चिखलदऱ्याचा घाट चढताना घाम येतो आणि उतरताना तोच घाम गारठतो, त्यामुळे विंडचीटर वरपर्यंत नेलाच पाहिजे. घाट उतरायचा तर आदल्या दिवशी ब्रेकचे रबर बघा. खाच बुजली असेल तर बदला.

हेल्मेटखाली पातळ टोपी. दुपट्टा बांधायचा तर दोन्ही टोकं कॉलरच्या आत खोचून, मोकळं टोक स्पोकमध्ये जाऊ देऊ नका. पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट, पारदर्शक किंवा फिकट चष्मा (संध्याकाळी धानाच्या बांध्यांजवळ चिलटं थेट डोळ्यात येतात), मांड्यांना खोबरेल तेल. पॅड असलेल्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालायची नसते. शिवणीनेच कातडी सोलते. मार्चपासून मात्र हा सगळा हिशेब मोडतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहाच्या आत घरी पोहोचेल एवढीच फेरी ठरवा.

दिवा, फोन, पैसे

डिसेंबरच्या सुरुवातीला नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, बुलढाण्याला त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी, गोंदियाला थोडा आधी. त्याच महिन्यांत कापसाने रस्ता अडवण्याइतक्या रुंद भरलेल्या ट्रॉल्या निघतात आणि त्यांच्या मागे दिवा असेलच असं नाही. पुढचा दिवा 200 ल्युमेनच्या वर आणि मागचा लाल, हे दोन्ही सकाळीच घ्यायचे, ‘चारपर्यंत परत येऊ’ असं असलं तरी. घोट्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बांधा. वरखाली हलणारी चकाकी मागच्या ड्रायव्हरला लांबून कळते. ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाटच्या आसपास दिवा असला तरी पहाट आणि संध्याकाळ टाळायची. वाटेतल्या वनविभागाच्या नाक्यावर विचारूनच पुढे जा.

मेळघाटात मोबाइलची रेंज तुटक आहे. नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या. 10,000 एमएएचची पॉवर बँक दिवसाला भरपूर होते. रेंज नसली की क्यूआर कोडचाही उपयोग नाही, म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटांत तीन-चारशे रुपये. खिशात एक कागद प्लास्टिकमध्ये: नाव, रक्तगट, घरचे दोन नंबर. 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे पाठच असावेत.

दवा-पट्टी

पोव्हिडोन आयोडिनची छोटी ट्यूब, चार गॉज, 6 सेंटिमीटरचा क्रेप बँडेज, काही चिकटपट्ट्या, पॅरासिटामॉल, आणि साबणाची एक वडी. ही वडी कुत्र्यासाठी. गावाच्या वेशीवर कुत्री मागे लागली तर पळू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरून हळू चालत पुढे जा. तरीही चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करायची.

सोबतचा माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापून घाम थांबला तर तो थकवा नव्हे. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

बांधणी

पाठीवरची सॅक शक्यतो नको. पाठ भिजते आणि तिसऱ्या तासाला मान दुखते. ट्यूब, लिव्हर, पॅच आणि मल्टीटूल सीटखालच्या पिशवीत, दर तासाला लागणारं खाणं हँडलजवळ किंवा मागच्या खिशात, फोन कधीही पान्यांसोबत नाही. कॅरिअर असेल तर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी आवळा, स्प्रिंगच्या दोरीपेक्षा त्या घट्ट बसतात. उरलेलं टोक चाकाकडे लोंबत नाही ना, ते बघा.

परत आल्यावर पिशवी तशीच खुंटीला टांगली जाते आणि पुढच्या वेळी तीत पंक्चर झालेली ट्यूब निघते. त्याच संध्याकाळी ती बादलीत तपासून पॅच लावा, संपलेले पॅच भरा, दिवे चार्जिंगला लावा आणि साखरेच्या पाण्याची बाटली गरम पाण्याने धुऊन झाकण उघडं ठेवून वाळवा. दोन दिवस बंद राहिली तर तिला बुरशी येते.